९ अधिक २२

"मॅडम, त्याला नेलं तर बाकीच्यांवर अन्याय. नाही नेलं, तर उरलेलं वर्ष तो मला सुखाने शिकवू देणार नाही." वर्गशिक्षिका खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पेच मात्र जसाच्या तसा.)

पाचवीचा वर्ग, मुलं ३४. बाईंनी भिंतीवर तक्ता लावला होता. दिवस शिस्तीत गेला की नावापुढे एक तारा, आणि शाळेच्या ६० दिवसांत ४० तारे झाले की रानातली एक दिवसाची सहल. २७ जण वेळेत पोचतील असं दिसत होतं, ७ जण मागे पडले होते. त्या सातांतल्या एकाने आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तक्ता टराटरा फाडला होता.

बक्षिसाच्या सहलीतून द्वाड मुलाला वगळावं का, हा प्रश्न माझ्याकडे कधी बाईंकडून येतो, कधी आईकडून. आणि असे तक्ते मी स्वतःच पूर्वी कित्येक शिक्षकांना सुचवलेले आहेत. त्यामुळे बाईंना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना.

मुलाला भेटले. "का फाडलास" असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळी मुलं एकच उत्तर देतात: खाली मान. त्याऐवजी, तो तक्ता कसा चालायचा ते मला नीट समजावून सांग, म्हटलं. त्याने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. "माझे ९. दिवस उरले २२. रोज एक मिळाला तरी ३१." पेन्सिल ठेवली. "मग कशाला?" बेरीज मलाच येत नसावी अशा नजरेने तो माझ्याकडे बघत होता.

गणित बिनचूक होतं. अडतिसावा दिवस उजाडायच्या कितीतरी आधीच त्याच्यासाठी सहल संपली होती, आणि तेव्हापासून रोज सकाळी वर्गात शिरताना त्याला ती संपलेली सहल भिंतीवर दिसत होती. गमवायला काही उरलं नाही की मूल सुटतं. बाईंना वाटत होतं, सहलीचं आमिष असूनही हा सुधारत नाही. खरं म्हणजे ते आमिष त्याच्यापुरतं कधीच विझलं होतं. ज्या मुलाला पुढच्या दहा मिनिटांचा धीर नाही, त्याला आपण तीन महिन्यांनंतरचं बक्षीस दाखवतो, हाही आपलाच भाबडेपणा.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या ५१ मुलांवर एक प्रयोग केला होता. सगळी चित्रं काढण्याची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत. बक्षीस म्हणजे विष नव्हे, पण आधी बोली लावली की कामाचा सौदा होतो.

आणि रान? टेलर आणि कुओ यांच्या २००९ च्या अभ्यासात एकाग्रतेची अडचण असलेली ७ ते १२ वर्षांची मुलं वीस मिनिटं बागेत चालून आली, तेव्हा त्यांचं लक्ष शहरी रस्त्यावरून चालून आल्यापेक्षा बरं लागलं. मुलं फक्त १७, म्हणजे यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी एवढं मनात येतंच, की ज्याला चार भिंतींत बसवत नाही, त्यालाच नेमकं आपण वर्गात ठेवून जाणार.

बाईंचा अन्यायाचा मुद्दा मात्र खरा होता. ४० तारे जमवलेल्या मुलीने "मग माझ्या ताऱ्यांचं काय?" विचारलं तर तिला तत्त्वज्ञान ऐकवून भागत नाही. दिलेला शब्द पाळायला हवा. मी सुचवलं, सहलीला सगळे जातील. तारेवाले मात्र वाट ठरवतील, थांबे ठरवतील, गट पाडतील. बाईंनी ते वर्गापुढेच मांडलं. एक मुलगी म्हणाली, "तो आला तर चालेल. पण माझ्या गटात नको." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. त्याला बाईंच्या गटात घेतलं आणि रांगेच्या शेवटी राहून मुलं मोजण्याचं काम दिलं. मूल खरोखरच पळून जाणारं असेल, तर हे पुरत नाही. तिथे त्याच्यासाठी एक मोठं माणूस वेगळं हवं. ते मिळत नसेल तर सहल पुढे ढकलावी.

सहलीचा वृत्तान्त बाईंनी फोनवर सांगितला. वाटेत भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे होते. त्याने गवताची काडी एका खड्ड्याच्या कडेला हळूच फिरवली, तर तळातून माती उडाली. मुंगी घसरून येण्याची वाट पाहत तळाशी दबा धरून बसलेला किडा! हा उकिडवा बसला तो बसलाच. पाव तास. त्याने ओढून बोलावलेल्यांत "माझ्या गटात नको" म्हणणारी मुलगीही होती. मोजणीत एकदा ३३ भरले आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःला मोजायचं राहिलं होतं.

परतीच्या वाटेवर त्याने ओढ्याजवळ एकाला ढकललं. त्यानंतर शेवटपर्यंत बाईंचा हात धरून चालला, मोजणी दुसऱ्याकडे गेली. शिक्षा तिथल्या तिथे, त्याच चुकीपुरती. पुढच्या सहलीशी तिचा संबंध जोडायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

तक्ता पुन्हा लागलाय, पण आता आठवड्याचा. सोमवारी सगळ्यांचं खातं शून्यावर येतं आणि सहल त्यात कुठेच नाही. मागच्या आठवड्यात त्याचे २ झाले, बाई म्हणाल्या. ५ पैकी.