जंतांची प्रतिकारशक्ती का येत नाही?

प्रश्न : आमचं माडा-पोफळीचं आगर आहे. बारा वर्षांचा मुलगा दिवसभर तिथे अनवाणी असतो. गेल्या वर्षी जंतांचं औषध दिलं होतं. आता परत पोटात दुखतं, रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 14 टक्के आलेत. कांजिण्या एकदा होऊन गेल्या की सहसा परत होत नाहीत, मग जंत का होतात? सासूबाई म्हणतात, गूळ-खोबरं बंद कर. — एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, गूळ-खोबरं खुशाल द्या. जंत गोडाने होत नाहीत, सासूबाईंना माझं नाव सांगा.

कांजिण्यांचा विषाणू इतका बारीक, की तो शिरलेली पेशीच शरीर मारून टाकतं. अनवाणी तळव्यातून शिरणारा जंत म्हणजे आकडेकृमी, तो जवळपास एक सेंटिमीटर लांब. त्याला गिळेल अशी पांढरी पेशी कुठून आणायची? म्हणून शरीर त्याला बाहेर हुसकायला बघतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या, टोकाला झुपका असलेल्या पेशी असतात. जंतांची पहिली चाहूल त्यांना लागते, हे 2016 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. तोवर या पेशी कशासाठी आहेत हे कोडंच होतं. त्या इंटरल्यूकिन-25 हा रासायनिक निरोप सोडतात, त्यावरून शेजारच्या पेशी इंटरल्यूकिन-13 हा दुसरा निरोप सोडतात, आणि मग आतड्यात चिकट स्राव वाढतो, स्नायू जोरात आवळतात. शेवाळलेल्या पायरीवर पाय ठरत नाही, तसं जंताला धरून राहणं कठीण होतं. रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं आणि इओसिनोफिल वाढतात. मुलाच्या एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 9000 असतील, तर 14 टक्के म्हणजे 1260 इओसिनोफिल. साधारण 500 पर्यंत ठीक समजतात.

पण आकडेकृमीही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो अशी द्रव्यं सोडतो, की शरीराच्याच आवर घालणाऱ्या पेशी पुढे येतात आणि हल्ला सौम्य होतो. त्यामुळे तो वर्षानुवर्षं आतड्याला चिकटून रक्त पीत राहू शकतो. गोळीने तो पडला, तरी नव्या अळ्यांना अडवेल इतकी पक्की प्रतिकारशक्ती मागे उरत नाही. आणि आगरातल्या ओल्या, सावलीतल्या, भुसभुशीत मातीत नव्या अळ्यांना काय तोटा! उघड्यावर शौचाला कोणी बसलं असेल, तर अंड्यातून निघालेली अळी आठवडाभरात तळव्यातून शिरायला तयार होते. शिरते तिथे बारीक लाल पुळ्या, खाज. आमच्याकडे पावसात बोटांच्या बेचक्यात काहीही झालं की चिखल्याच समजतात आणि मलम लावून मोकळे होतात. पुढे ती अळी रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि गिळली गेली की आतड्यात. मधल्या काळात कोरडा खोकला येऊ शकतो.

इओसिनोफिल दमा, ॲलर्जी, हत्तीरोगाचे जंतू यांनीही वाढतात. म्हणून नुसत्या रिपोर्टावर जाऊ नका, शौचाची तपासणी करा आणि हिमोग्लोबिनही बघा. आकडेकृमीत खरं नुकसान तिथे होतं. अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. शाळेत 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना गोळी देतात, ती चुकवू नका. आगराच्या दारात एक रबरी चपलांचा जोड कायमचा ठेवा. शिंपण्याच्या वेळी तो घालायला मुलगा कंटाळेल, तेव्हा तुम्हीच ओरडा.