काळी रिम, पाऊस आणि यवतेश्वरचा उतार

तू ‘काका’ म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझी अडचण अशी: सायकलची जुनी चाकं विकत घेतलीस, रिम काळीकुळकुळीत, ब्रेकचं रबर जिथे घासतं त्या कडेच्या पट्टीसकट, दोनदा कासला जाऊन आल्यावर पट्टीवर पांढरे चट्टे पडले, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट उतरताना पावसात ब्रेक लागेचना. आता पॉलिश पेपर घेऊन सगळा काळा थर घासून काढावा का? तर आधी तो पेपर खाली ठेव. थर कसला आहे हे कळल्याशिवाय घासायचं नाही.

काळी म्हणजे सगळी एकच नसते. घरात मल्टीमीटर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. तो कंटिन्युइटीवर, म्हणजे वीज जात असेल तर वाजणाऱ्या खुणेवर, लावून दोन्ही टोकं ब्रेकच्या पट्टीवर टेकव. वाजला तर उघडा धातू. नाही वाजला तर मध्ये रंग तरी आहे नाहीतर ऑक्साइडचा थर, कारण दोन्हींतून वीज जात नाही. मग कापसावर थिनर घेऊन पुस. काळं उतरलं तर रंग. नाही उतरलं तर किल्लीच्या टोकाने कडेला ओरखडून बघ: पापुद्रा निघाला तर पावडर कोटिंग, किल्लीच घसरली तर अॅनोडाइझिंग किंवा त्याच्याही वरचं काही. आणि चुंबक चिकटलं तर विषयच संपला, रिम लोखंडी आहे.

लोखंडी क्रोमच्या रिमचा अनुभव माझ्या पिढीने पुरेपूर घेतलाय. जुलैत साताऱ्यात समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरताना दोन्ही ब्रेक मुठीत आवळलेले आणि सायकल आपल्या मर्जीने निघालेली. पाय रस्त्याला घासत थांबायचो, आईची बोलणी चपलांवरून बसायची. क्रोम कडक आणि गुळगुळीत, त्यावर पाण्याचा पातळ थर बसला की रबर नुसतं तरंगतं. अॅल्युमिनियम मऊ असतं, रबराला जरा तरी धरायला मिळतं. रिम अॅल्युमिनियमची झाली तेव्हा वजनापेक्षा मोठा फायदा आम्हाला पावसात कळला.

आता तुझा काळा थर. अॅनोडाइझिंग म्हणजे वरून लावलेला रंग नव्हे, धातूच्याच पृष्ठभागाचा ऑक्साइड केलेला असतो. रसायन धार लावायच्या कुरुंदाचंच, म्हणून कडक. शोभेचं असेल तर जाडी दहा-पंधरा मायक्रॉन, हार्ड अॅनोडाइझिंग पन्नासपर्यंत जातं. आपला केस सत्तरच्या आसपास धर, म्हणजे अंदाज येईल. दोन फेऱ्यांत तुझे चट्टे पडले, त्यावरून मला वाटतं तुझं शोभेचंच आहे. ते ब्रेकसाठी दिलेलंच नसतं, दुकानात उठून दिसावं म्हणून दिलेलं असतं. झिजू दे. चांगल्या रिमची पट्टी मुद्दाम लेथवर साफ करून उघडी ठेवतात ती यासाठीच.

त्रास चट्ट्यांचा आहे. थर सगळीकडे सारखा झिजत नाही. रिमचा जोड असतो तिथे हातालाही न लागणारा उंचवटा असतो, तो आधी उघडा पडतो. मग अर्ध्या पट्टीवर रबर धातूला धरतं, अर्ध्यावर ऑक्साइडला, आणि दोन्हीची पकड वेगळी. ब्रेक दाबला की चाकाच्या दर फेरीला ‘धक्-धक्’ हिसका बसतो तो त्याचा. रिंग आऊट आहे असं समजून लोक आऱ्या पिळत बसतात. पूर्ण पट्टी उघडी पडली की हिसका जातो. तोवर थिनरने पुसून स्वयंपाकघरातली हिरवी घासणी हलकी फिरव, एवढं पुरे. टायर-ट्यूब आधी काढ, थिनर रबराला लागायला नको.

पॉलिश पेपर का नको, तर हाताने सगळीकडे सारखं निघत नाही, आणि थराबरोबर रिमची बाजूची भिंतही जाते. जुन्या चाकाची भिंत आधीच झिजलेली असू शकते. खाच किंवा टिंबाची झीजखूण असेल तर ती अजून दिसते का बघ. भिंत एक मिलिमीटरच्या खाली गेली की हवेच्या दाबाने ती बाहेर फाटते, आणि फाटते ती नेमकी उतारावर.

कोटिंग मुद्दाम ब्रेकसाठीच दिलेलं असू शकतं, हेही सांगून ठेवतो. मॅव्हिक या फ्रेंच चाकांच्या कंपनीने नव्वदच्या दशकात सिरॅमिक फवारलेल्या रिम काढल्या, पुढे २०१० च्या सुमारास एक्झालिथ नावाचं कोटिंग आणलं. पावसात उत्तम पकड, भिंतही टिकते. पण पृष्ठभाग इतका खरबरीत की साधं रबर चीजसारखं किसलं जातं, म्हणून त्याला वेगळं रबर लागतं. शिवाय एक्झालिथ उतारावर अशी शिट्टी मारतं की गुरं बाजूला होतात. तुझ्या चाकावर असलं काही असण्याची शक्यता कमीच, पण किल्ली घसरली आणि पट्टीवर बारीक खरबरीतपणा लागला तर मात्र घासणीसुद्धा लावू नकोस.

खरा फरक रबराने पडेल. चाकांसोबत आलेलं काळं कडक रबर फेकून दे. कूल-स्टॉप कंपनीचं गेरूच्या रंगाचं रबर अॅल्युमिनियमवर पावसात फार चांगलं चालतं. बसवताना पुढची कड मागच्यापेक्षा मिलिमीटरभर रिमच्या जवळ ठेव, किंचाळणं थांबेल. आणि कासकडून आल्यावर दर वेळी रबर बघ. पठाराची तांबडी जांभ्याची माती त्यात रुतते, अॅल्युमिनियमचे चमचमणारे कण अडकतात, आणि पुढच्या वेळी तेच रिमला चर पाडतात. टाचणीने उकरून काढायचे. एकदा मी आळस केला, पावसाळाभर. श्रावण संपेपर्यंत पुढच्या रिमवर नख अडकेल एवढा चर होता.

उतरताना हात कसा चालवायचा तेही. पावसात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसण्यात जातात, म्हणून वळणाच्या बरंच आधी हलका ब्रेक धरून पट्टी पुसून घे, मग दाब. उन्हाळ्यात उलट, धरून ठेवायचा नाही. तू आणि सायकल मिळून ८५ किलो, उतार समजा आठ टक्के, वेग ताशी ३६ किलोमीटर: हवेने अडवून उरलेले सव्वातीनशे वॉट दोन ब्रेकना खावे लागतात. अर्धा किलोची एकेक रिम आपल्या निम्म्या वाट्याने, हवेने निवण्याआधीच्या हिशेबात, दर तीन सेकंदांना एक अंश तापते. म्हणून थोडं जोरात दाबून सोडायचं, रिमला वारा लागू द्यायचा.

मीटर वाजला की नाही ते कळव. फोटो टाकणार असशील तर जोडापाशी पट्टी कशी झिजलीय त्याचा टाक, कासच्या फुलांत उभ्या सायकलचा नको.