‘तिकडच्या शासनात शिरता येईल का?’ : एका प्रांत मॅडमना उत्तर

मॅडम, तुम्ही उपजिल्हाधिकारी आहात, नवरा अमेरिकेत मेरीलँडला आहे आणि इथे सरकारात जाता येईल का, निदान राजकीय नेमणुकीतून, असं विचारलंत. व्हिसाचं वकील सांगेल. मी नायब तहसीलदारकी सोडून आले, म्हणून प्रश्न जरा लागला.

इथल्या केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, म्हणजे ग्रीन कार्डानंतर साधारण 5 वर्षं. ते कार्ड कधी मिळेल, हे आपण भारतीयांनी विचारू नये. काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभारात, मात्र बऱ्याच जागा ग्रीन कार्डावर मिळतात. मी तिथेच आहे, बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर. त्याआधी पदवीचं त्रांगडं. माझं तीन वर्षांचं बी.ए. इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकं धरेनात. मोहोरबंद लिफाफा मागवा, शुल्क भरा, पुन्हा मागवा. आयुष्यभर लोकांना दाखले दिले आणि स्वतःच्याच दाखल्यासाठी रडले.

राजकीय नेमणुका सुमारे 4,000. त्यातल्या बाराशेहून जास्त जागांना सिनेटची मंजुरी लागते. यादी 2024 पर्यंत दर चार वर्षांनी ‘प्लम बुक’ या सरकारी पुस्तकात छापायचे. आपल्याकडे मंत्री बदलला तर बदली, फार तर साइड पोस्टिंग. इथे राष्ट्राध्यक्षाचा पक्ष बदलला की 20 जानेवारीच्या दुपारपर्यंत बहुतेकांनी टेबल रिकामं करायचं. आरती प्रभाकर बघा: क्लिंटनच्या काळात 1993 मध्ये ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या संचालक, ओबामांच्या काळात 2012 मध्ये ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेच्या, 2022 मध्ये बायडनच्या विज्ञान सल्लागार. मधली बरीच वर्षं सिलिकॉन व्हॅलीत. त्यांचा पेशा वेगळा होता, खुर्ची येत-जात राहिली. आपला तर खुर्ची हाच पेशा! शिवाय त्या तीन वर्षांच्या असताना इथे आल्या. कायम नोकरीतले तरी सुरक्षित म्हणावेत, तर 2025 मध्ये त्यांच्यातल्याही हजारोंना घरी पाठवलं.

मुलीचं सांगते. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहिली, तर पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरीला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. वर्षभर. अजून डोकं फिरतं. तरीही तुम्ही मराठीच लिहा, मी धाकट्याच्या वेळीही तेच लिहिलं.

एकटेपणा? असतो. गाडी शिका.

राजीनामा इतक्यात नको, आधी असाधारण रजा मागा. चौकशी प्रलंबित नाही, येणे बाकी नाही, हे दाखले तिथे बसूनच काढा. इथून फोन केला की आपल्याच हाताखालचा लिपिक सांगतो, ‘साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत, नंतर करा.’