राकेश झुनझुनवालांनी ५ हजार रुपयांतून हजारो कोटी कसे केले? मलाही नोकरी सोडून पूर्णवेळ गुंतवणूकदार व्हायचंय, जमेल का?

प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं बरंचसं आपोआप मिळतं म्हणून आधी पहिला घेतो. मी शेअर ब्रोकरच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करतोय आणि हा ५ हजारांचा किस्सा ऐकून खातं उघडायला आलेली माणसं रोज बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशोब करा. १९८५ साली झुनझुनवालांनी शेअर बाजारात सुरुवात केली तेव्हा सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) १५० च्या आसपास होता असं सगळीकडे लिहिलेलं असतं (खरं तर सेन्सेक्स प्रसिद्ध व्हायला लागला जानेवारी १९८६ पासून, आधीचे आकडे मागाहून काढलेले आहेत). ऑगस्ट २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सेन्सेक्स ५९ हजारांच्या वर होता, म्हणजे साधारण ४०० पट. मग ५ हजार रुपये सेन्सेक्समध्ये टाकून कोणी ३७ वर्षं गप्प बसला असता तर डिव्हिडंड सोडून त्याचे झाले असते २० लाखांच्या आसपास. वाईट नाही, पण त्यांच्या ४० हजार कोटींच्या संपत्तीच्या ते जवळपासही नाही. ५ हजाराचे ४० हजार कोटी करायचे तर दरवर्षी ६० टक्क्यांच्या वर परतावा पाहिजे, तोही सलग ३७ वर्षं. नुसतं शेअर घेऊन ठेवून हे होत नाही हो, जगात कुणाचंही झालेलं नाही. म्हणजे मधे काहीतरी आहे जे किस्सा सांगणारे सांगत नाहीत.

ते काय आहे ते त्यांच्या पहिल्या मोठ्या सौद्यातच दिसतं. १९८६ साली त्यांनी टाटा टीचे ५ हजार शेअर ४३ रुपयांनी घेतले आणि तीनेक महिन्यांत भाव १४३ झाला, म्हणजे ५ लाखांचा फायदा. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ५ हजार गुणिले ४३ कोणी करत नाही. होतात २ लाख १५ हजार. ५ हजार घेऊन आलेल्या माणसाकडे वर्षभरात सव्वादोन लाखांचा माल घ्यायला पैसा कुठून आला? उसना आणला. त्यांचे मोठे भाऊ सीए होते, त्यांच्या ओळखीतल्या क्लायंटकडून अडीच लाख उचलले आणि वर १८ टक्के द्यायचं कबूल केलं, जेव्हा बँक ठेवीवर १० टक्के देत होती. वडिलांनी मात्र आधीच बजावलं होतं की माझ्याकडे मागायचे नाहीत आणि मित्रांकडेही मागायचे नाहीत.

मग आलं सेसा गोवा. लोहखनिजाची कंपनी, तेव्हा खनिजाला भाव नव्हता म्हणून शेअर पडलेला, २५-२८ रुपयांना. इथे त्यांनी जवळपास कोटभराचा माल उचलला, तोही फॉरवर्डमध्ये, म्हणजे सगळे पैसे लगेच न भरता. जुन्या बाजारात बदला नावाची पद्धत होती, नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शेअर घेतला पण पूर्ण पैसे भरायचे नसतील तर सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा, तुमच्या वतीने पैसे भरणारा फायनान्सर असायचा आणि त्याचं व्याज म्हणजे बदल्याचा दर. थोड्या पैशात मोठी पोझिशन. भाव वर गेला तर तुम्ही राजा आणि खाली आला तर घरदार विकायची पाळी. २००१ मध्ये सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) ही पद्धत बंद केली, त्याची जागा फ्युचर्सने (पुढच्या तारखेच्या वायदे सौद्यांनी) घेतली. सेसा गोवाचे बरेचसे शेअर त्यांनी ६०-६५ ला काढले, काही १५० च्या पुढे. बजेटवरही ते खेळले. १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारात आपले मधू दंडवते अर्थमंत्री होते, समाजवादी माणूस म्हणून बाजार घाबरलेला, आणि झुनझुनवालांनी उलटी बाजू घेतली, तेजी पकडली. १९९२ ला बाजार वर चढवणाऱ्या शेअर दलाल हर्षद मेहताच्या वेळी पुन्हा उलट, तेव्हा ते मंदीवाल्यांच्या (भाव पडेल यावर पैसे लावणाऱ्यांच्या) बाजूला होते आणि एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलालांच्या बातमीने घोटाळा बाहेर आल्यावर बाजार कोसळला त्यात त्यांनी कमावलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की झुनझुनवाला आधी ट्रेडर होते. उसन्या पैशावर, मोठ्या पोझिशन घेऊन, तेजी-मंदी दोन्ही करून त्यांनी भांडवल उभं केलं आणि त्या भांडवलावर मग गुंतवणूकदार झाले. लोक गुंतवणूकदाराची गोष्ट ऐकतात, ५ हजार घेऊन येतात आणि मधली ट्रेडरची पायरी कोणी सांगितलेलीच नसते. ज्यांना ती कळते ते सरळ ऑप्शन (थोड्या पैशात भावावर पैज लावायचे सौदे) खेळायला बसतात, ते तर आणखी वाईट. त्याच काळात त्याच रिंगणात, तेवढाच उसना पैसा घेऊन उतरलेले आणि संपलेले कितीतरी लोक असणार, त्यांच्या मुलाखती कोण घेणार?

आता दुसरा भाग, टाटांच्या घड्याळं आणि दागिने करणाऱ्या टायटन कंपनीचा, ज्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २००२-०३ च्या सुमाराला टायटन अडचणीत होती. युरोपात घड्याळं विकायचा प्रयोग अंगाशी आलेला, डोक्यावर कर्ज, तिचं दागिन्यांचं दुकान तनिष्क नुकतं कुठे रुळावर येत होतं. बोनस (फुकट मिळालेले शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) धरून त्यांची खरेदी सरासरी ३ रुपयांच्या आसपास पडली असं धरतात, तेव्हाच्या भावात म्हणजे साधारण ६०, कारण २०११ मध्ये एका शेअरचे वीस झाले (१० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा तुकडे आणि वर एकास एक बोनस). गंमत बघा, सोन्याच्या धंद्यावर कडक बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला तो दंडवते अर्थमंत्री असतानाच, १९९० मध्ये. तो कायदा तसाच राहिला असता तर टाटांना सोन्याच्या धंद्यात या पद्धतीने उतरता आलं असतं असं मला वाटत नाही. आणि सोनार किती कॅरेट देतो यावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विश्वासावर चालायचं, तिथे तनिष्कने दुकानात कॅरेटमीटर ठेवलं, तुमचा जुना दागिना तुमच्या समोर मोजला. बायका घरी येऊन सांगायला लागल्या की २२ म्हणून घेतलेलं १९ निघालं. ज्याला हे दिसलं त्याला कळलं की हा धंदा आता चालणार. हे कुठल्या टिपमध्ये नव्हतं, लग्नसराईत दुकानाबाहेर उभं राहिलं तरी दिसत होतं.

पण दिसणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. २००८ च्या मंदीत हा शेअर आपटला. २०१३ मध्ये सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले तेव्हा पुन्हा. मार्च २०२० मध्ये काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त खाली आला, दुकानं बंद, लग्नं बंद. माझ्यासमोर बसलेल्या क्लायंटनी त्या महिन्यात टायटन काढला, अक्षरशः फोनवर ओरडून काढला. झुनझुनवालांनी अधूनमधून थोडा कमी-जास्त केला असेल पण मोठा हिस्सा सोडला नाही. गेले तेव्हा कुटुंबाकडे कंपनीचा ५ टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता, किंमत ११ हजार कोटींच्या घरात. जाहीर असलेल्या पोर्टफोलिओचा सगळ्यात मोठा भाग हा एकच शेअर, वीस वर्षं जवळ ठेवलेला.

आमच्याकडे येणारा प्रत्येक तिसरा माणूस विचारतो, मोठ्या लोकांनी या तिमाहीत काय घेतलं? तेच घेतो. तर ते कसं चालतं तेही सांगतो. कंपनीला दर तिमाहीनंतर शेअरहोल्डिंग (कोणाकडे किती शेअर आहेत ते) जाहीर करावं लागतं, त्यासाठी २१ दिवस मिळतात आणि त्यात १ टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्यांचीच नावं येतात. म्हणजे एखाद्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला शेअर तुम्हाला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कळू शकतो, तोवर भाव कुठल्या कुठे. आणि विकून १ टक्क्याच्या खाली आले की नाव यादीतून गायब, पूर्ण विकलं का थोडं ठेवलं काही कळत नाही. शिवाय त्या मोठ्या लोकांसाठी ती रक्कम एकूण पैशाच्या अर्धा टक्का असते आणि इथे माणूस मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालतो. एक शिक्षक आमच्याकडे यायचे, फार सज्जन माणूस, त्यांनी असंच नाव बघून एक छोटी कंपनी घेतली. दोन तिमाहींनी यादीतून नाव गेलं आणि भाव निम्मा झाला. का घेतला होता विचारलं तर कंपनी काय बनवते तेही सांगता आलं नाही. झुनझुनवालांचेही सगळे बरोबर आले नाहीत, दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर त्यांच्याकडेही होता. त्यांच्या ऍपटेक या संगणक शिक्षण कंपनीच्या शेअरच्या व्यवहारांवरून इनसाइडर ट्रेडिंगचा (आतली माहिती वापरून सौदे केल्याचा) आरोप झाला आणि २०२१ मध्ये त्यांनी, पत्नीने आणि इतरांनी मिळून ३७ कोटींहून जास्त भरून सेबीशी तडजोड केली, आरोप मान्यही न करता आणि नाकारताही नाही. त्यांचं चरित्र सांगताना हेही सांगायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नोकरी सोडायचा. त्यांचे वडील इन्कम टॅक्समध्ये अधिकारी होते. त्यांची अट होती की आधी शिक्षण पूर्ण कर. सिडनहॅम कॉलेज, मग सीए, आणि मगच बाजार. राहायला वडिलांचं मुंबईतलं घर, भाडं नाही, हप्ता नाही, आणि फसलंच तर सीएची प्रॅक्टिस होतीच. तुमच्याकडे यातलं काय आहे ते आधी कागदावर लिहा. घरखर्च महिन्याला ५० हजार धरला तर वर्षाचे ६ लाख, आणि भांडवल न खाता वर्षाला ४ टक्के काढायचे म्हटलं तर दीड कोटी पाहिजेत, त्यातही महागाई आहे, आजारपण आहे. १० लाखांवर महिन्याला ५० हजार काढू म्हणणाऱ्याला वर्षाला ६० टक्के लागतात, म्हणजे पुन्हा तोच वरचा आकडा आला, आणि तोही भांडवल एक रुपयाही न वाढता. पगार चालू असेल तर मार्च २०२० सारख्या महिन्यात तुम्ही खरेदी करता, पगार नसेल तर त्याच महिन्यात किराण्यासाठी शेअर विकता. टायटन धरून ठेवायला जी ताकद लागते ती नव्वद टक्के इथून येते असं माझं स्पष्ट मत आहे, धैर्य वगैरे नंतर.

तब्येतीचंही बोलतो कारण या धंद्यात कोणी बोलत नाही. ७ ऑगस्ट २०२२ ला त्यांच्या अकासा एअरचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला उडालं, तेव्हा ते व्हीलचेअरवर होते, आणि १४ तारखेला गेले, वय ६२. आरोग्यातली आपली गुंतवणूक सगळ्यात वाईट ठरली असं ते स्वतःच म्हणायचे.

तेव्हा नोकरी सध्या सोडू नका. डिमॅट खातं असेलच, दर महिन्याला पगारातून जमेल तेवढं टाका, निम्मं इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात) आणि निम्म्यातून तुम्हाला ज्याचा धंदा खरंच कळतो अशा तीन-चार कंपन्या घ्या, त्यांचे वार्षिक अहवाल वाचा, कर्ज काढून किंवा मार्जिनवर (ब्रोकरच्या उसन्या पैशावर) काही घेऊ नका. एक मोठी पडझड या पद्धतीने न विकता काढलीत आणि तुमची निवड इंडेक्सपेक्षा बरी चालतेय असं चार-पाच वर्षांच्या हिशोबात दिसलं तर तेव्हा हा प्रश्न परत काढा, आकडे समोर असतील.