वाचकांचे प्रश्न : वायूचं कार्य काढताना दाब कोणता घ्यायचा?

प्रश्न : दोन मोल आदर्श वायू ३०० केल्विनला १० लिटरवरून २० लिटरपर्यंत प्रसरण पावतो. सुरुवातीचा दाब काढून त्याला आकारमानातल्या फरकाने गुणलं, तर मला ४९८८ ज्यूल मिळाले. मैत्रिणीने सरासरी दाब घेतला, तिचे ३७४१ आले. पुस्तकात उत्तर ३४५८ आहे. सूत्र एकच असताना असं का?
— बारावी विज्ञानची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : तुमच्या गणितात ‘आयसोथर्मल’ (तापमान कायम ठेवून) आणि ‘रिव्हर्सिबल’ (अगदी सावकाश, आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा ठेवून) हे शब्द असणारच, पत्रात ते गळलेत. ३४५८ हे उत्तर येतं ते त्यांच्यामुळेच.

दाब गुणिले आकारमानातला फरक, हे सूत्र दाब शेवटपर्यंत कायम असेल तरच चालतं. इथे तापमान कायम आहे, म्हणून आकारमान वाढेल तसा दाब घसरतो : सुरुवातीला ४.९९ बार, शेवटी २.४९ बार. तुम्ही सुरुवातीचाच दाब शेवटपर्यंत धरला, म्हणून उत्तर फार मोठं आलं. मैत्रिणीने दाब सरळ रेषेत उतरतो असं गृहीत धरलं. पण पी-व्ही, म्हणजे दाब-आकारमानाच्या, आलेखावर आयसोथर्मलचा वक्र त्या रेषेच्या खाली झोळ घेतो, आणि कार्य म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. तिचे जास्तीचे २८३ ज्यूल त्या झोळातले आहेत. प्रसरण १० वरून ११ लिटर एवढंच असतं, तर सरासरीच्या रीतीने ४७६.२ आणि खरं उत्तर ४७५.४ आलं असतं. लहान बदलांत ही चूक दिसतच नाही, म्हणून ती सवय टिकून राहते.

योग्य रीत अशी. एन (मोलची संख्या), आर (वायू स्थिरांक) आणि टी (तापमान) यांचा गुणाकार २ × ८.३१४ × ३०० = ४९८८.४ ज्यूल. त्याला आकारमानांच्या गुणोत्तराच्या, म्हणजे २ च्या, नॅचरल लॉगने गुणा : ४९८८.४ × ०.६९३१ = ३४५८ ज्यूल. कॅल्क्युलेटरवर चुकून दहा पायाचा लॉग दाबला तर १५०२ येतात. लॉग टेबल वापरत असाल तर २.३०३ ने गुणायला विसरू नका.

आता हाच वायू बाहेरच्या २.४९४ बार या कायम दाबाविरुद्ध एकदम पसरू दिला, तर कार्य फक्त २४९४ ज्यूल. अशा झटक्यात आतला दाब सगळीकडे सारखा नसतो, म्हणून तो वापरताच येत नाही. पिस्टनवर बाहेरून असलेला दाब घ्यायचा. बाहेर निर्वात असेल तर कार्य शून्य, वायू कितीही पसरला तरी. सिलिंडर उष्णतारोधक असेल, वायू हेलियमसारखा एकाणू असेल आणि प्रसरण रिव्हर्सिबल असेल, तर तापमान १८९ केल्विनपर्यंत उतरतं आणि कार्य २७६९ ज्यूल होतं. आकारमानं तीच, उत्तरं वेगळी, कारण कार्य मार्गावर अवलंबून असतं. म्हणून गणित वाचताना आकड्यांआधी प्रक्रियेचं वर्णन करणारे शब्द अधोरेखित करा.

एककांचं : लिटर गुणिले बार म्हणजे १०० ज्यूल, लिटर गुणिले अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ ज्यूल. तापमान नेहमी केल्विनमध्येच.

प्रश्न : भौतिकशास्त्राचे सर प्रसरणातलं कार्य धन घेतात, रसायनशास्त्राच्या मॅडम ऋण. परीक्षेत काय लिहू?
— विद्यार्थी, नौपाडा, ठाणे

उत्तर : ज्या विषयाचा पेपर, त्याची रीत. भौतिकशास्त्र वायूने केलेलं कार्य मोजतं आणि ते उष्णतेतून वजा करतं. रसायनशास्त्र वायूवर झालेलं कार्य मोजतं आणि ते उष्णतेत मिळवतं. आंतरिक ऊर्जेतला बदल दोन्हीकडे एकच येतो. एकाच गणितात दोन्ही रीती मिसळल्या, की मार्क जातात.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरचं गेज ७ बार दाखवतं. म्हणून १ घनमीटर हवा १ बारवरून ८ बारपर्यंत उष्णता आत-बाहेर न जाऊ देता, म्हणजे अ‍ॅडियाबॅटिक दाबण्याचं कार्य काढलं, ते २०३ किलोज्यूल आलं. विक्रेत्याच्या कागदावर २८४ आहे. तो फुगवून सांगतोय का?
— वाचक, रबाळे

उत्तर : नाही, त्याचा आकडा बरोबर आहे. गेज वातावरणापेक्षा जास्तीचाच दाब दाखवतं, म्हणून त्याच्या वाचनात वातावरणाचा १ बार तुम्ही मिळवलात, तेही बरोबर. पण तुमचं सूत्र बंद सिलिंडरचं आहे. कॉम्प्रेसर हवा आत घेतो, दाबतो आणि बाहेरही ढकलतो. आत येताना वातावरण १०० किलोज्यूल देतं, दाबायला २०३ लागतात, ८ बारच्या टाकीत ढकलायला १८१. म्हणजे २०३ + १८१ − १०० = २८४. तुमच्या आणि त्याच्या आकड्यांचं गुणोत्तर पाहा : १.४, म्हणजे हवेचा गॅमा (कायम दाबाच्या आणि कायम आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर). हा योगायोग नाही, अ‍ॅडियाबॅटिकला तसंच यायला हवं.

विजेचं बिल कमी करायचं, तर हवा दाबताना गार ठेवणं हा एक उपाय. तापमान अजिबात वाढू दिलं नाही, तर २०८ किलोज्यूल पुरतात. दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर घेऊन मधल्या इंटरकूलरमध्ये हवा पुन्हा मूळ तापमानाला आणली, तर २४२. हे आदर्श आकडे आहेत. घर्षण, मोटर आणि गळती यांचा खर्च त्यावर. ३० अंश सेल्सिअसची हवा एका टप्प्यात उष्णता बाहेर न जाता ८ बारला दाबली, तर ती २७६ अंशांपर्यंत तापते. म्हणून इंटरकूलरच्या फिन्सवर तेलकट धूळ बसू देऊ नका. इनटेक फिल्टरही वेळेवर बदला : तो तुंबला की आतला दाब १ बारच्या खाली जातो, दाबाचं गुणोत्तर ८ च्या वर चढतं आणि तेवढ्याच हवेला जास्त कार्य लागतं.