लांबच्या सुट्टीच्या घराची दुरुस्ती आपण तिथे नसताना कंत्राटदाराकडून कशी करून घ्यावी?

पहिली भेट मात्र स्वतः जाऊन घ्या. फोटोंवरून दिलेला दर नंतर हमखास वाढतो, कारण ओल भिंतीत दिसते आणि गळती भलतीकडेच असते. कंत्राटदार शक्यतो त्याच परिसरातला बघा. दुरून येणारा किरकोळ दुरुस्तीसाठी पुन्हा फिरकत नाही.

'बाथरूम दुरुस्ती, एकरकमी' असं अंदाजपत्रक घेऊ नका. किती चौरस फूट, कोणत्या कंपनीचं साहित्य, वॉटरप्रूफिंगचे किती कोट, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं लेखी हवं. आगाऊ रक्कम साहित्यापुरती द्या, पुढचे पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर. 10 टक्के राखून ठेवा आणि ते पहिल्या जोरदार पावसानंतरच द्या.

झाकल्या जाणाऱ्या कामाचा व्हिडिओ आधी मागवा: पाइप बुजवण्यापूर्वी दाबचाचणीचा (पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासण्याचा), फरशी बसवण्यापूर्वी पाणी साठवून ठेवल्याचा. बाथरूममध्ये किमान 24 तास पाणी तुंबवून खालचं छत कोरडं राहतं का, ते बघायचं. ही चाचणी टाळणाऱ्याला पुढचा हप्ता देऊ नका.

रिकाम्या घरात सगळ्यात जास्त बोंब होते ती प्लास्टरला पाणी मारण्याची. सिमेंट प्लास्टर किमान 7 दिवस ओलं राहायला हवं, नाहीतर बारीक तडे जातात. त्यासाठी शेजारच्या कुणाला तरी वेगळे पैसे देऊन ठेवा. कंत्राटदाराच्या भरवशावर राहिलात तर ते होत नाही.

किल्ली देताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. काम संपल्यावर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला सांगा.