प्रिंटर कधी चालतो, कधी नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, ऑफिस शेडलाच लागून. ऑफिसात एक लेझर प्रिंटर आहे, त्यावर टॅलीची बिलं, ई-वे बिल, चलन सगळं निघतं. तो कधी पेपरच घेत नाही, कधी दोन-तीन पेपर एकदम ओढतो, आणि मधूनच कॉम्प्युटरवर ऑफलाइन दाखवतो. मेकॅनिक आला की मात्र शंभर पानं धडाधड निघतात. कार्ट्रिज बदलून झालं, आता तो कार्ड, म्हणजे प्रिंटरच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदला म्हणतोय. गाडी भरून उभी असते आणि ई-वे बिल निघत नाही, काय करू?

उत्तर : कार्ड अजिबात बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे फॉल्ट आहेत आणि ते एकत्र मोजल्यामुळे कुणालाच काही सापडत नाहीये. प्रिंटरशेजारी एक वही ठेवा. अडलं की लगेच लिहायचं, किती वाजले, कुठल्या कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली, कुठला ट्रे, नवीन रीम का जुनी, थोड्या वेळापूर्वी लाइट गेली होती का. मधून मधून येणारा फॉल्ट उगाच येत नाही हो, त्याची काहीतरी ठरलेली वेळ किंवा कारण असतंच, आणि मेकॅनिक येतो तेव्हा नेमकं ते कारण तिथे नसतं, म्हणून त्यालाही दोष देता येत नाही. वही दाखवली तर त्याचंही काम सोपं होतं.

आता पेपरचं. टॉवेलच्या शेडशेजारी ऑफिस म्हटल्यावर माझा पहिला संशय सुताच्या धुळीवर आहे. ते बारीक तंतू हवेत तरंगत येतात, ट्रेमधल्या पेपरवर आणि पेपर आत ओढणाऱ्या पिकअप रोलरच्या रबरावर बसतात, रोलर गुळगुळीत होतो आणि पेपरवरून नुसता घसरतो. त्याच्यासमोर एक सेपरेशन पॅड असतो, तो झिजला की एकाऐवजी दोन-तीन पेपर आत जातात. खात्री करायची सोपी युक्ती आहे, तुमच्या मॉडेलला मॅन्युअल फीडची वेगळी जागा असेल तर तिथून एकेक पेपर देऊन बघा. तिथून नीट जातोय आणि ट्रेमधूनच अडतोय म्हणजे दुखणं ट्रेच्या रोलरपाशी आहे, कार्डाचा काही संबंध नाही. प्रिंटर बंद करा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, मग तंतू न सोडणारं कापड पाण्यात किंचित ओलं करून रोलर आणि पॅड पुसा, वाळू द्या. थिनर, पेट्रोल लावू नका, पॉलिश पेपरने घासू तर मुळीच नका. पुसल्यावर थोडे दिवस बरं चाललं आणि परत सुरू झालं तर रोलर-पॅड बदला, कार्डाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. प्रिंटर शेडच्या दारापासून आणि पंख्याखालून हलवा, रात्री झाकून ठेवा.

आणि रीम उघडी टाकू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी खडखडीत, मग पेपर स्टॅटिकने एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात उलटं, पेपर दमट होऊन वाकतो. भरण्याआधी थप्पी झटकून मोकळी करायची, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

ऑफलाइनचं वेगळं आहे. वहीत बघा, लाइट जाऊन आल्यावर होतंय का? लाइट गेली की राउटर बंद होतो, परत चालू झाला की प्रिंटरला नेटवर्कवरचा वेगळा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस मिळू शकतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर बिल पाठवत बसतो. पुढच्या वेळी ऑफलाइन आलं की प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज काढा, त्यावरचा आयपी आणि कॉम्प्युटरमधल्या पोर्टचा (प्रिंट कुठे पाठवायची ती सेटिंग) आयपी जुळतोय का बघा. जुळत नसेल तर राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक अ‍ॅड्रेस कायमचा राखून ठेवायला सांगा आणि विंडोजमध्ये टीसीपी/आयपी पोर्ट तोच अ‍ॅड्रेस देऊन बनवा. जुळतोय तरी ऑफलाइन म्हणत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (कॉम्प्युटर प्रिंटरची स्थिती विचारतो ती सोय) टिक काढून बघा. आणि एका कॉम्प्युटरवरून निघतंय, दुसऱ्यावरून नाही, असं असेल तर प्रिंटरला हातच लावू नका, त्या दुसऱ्या कॉम्प्युटरची प्रिंट क्यू बघा, एखादी अडकलेली फाइल मागच्या सगळ्यांना थांबवून ठेवते.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी काही केलं नाही तरी चालेल पण हे पाळा. रोलर, केबल, ड्रायव्हर सगळं एकाच दिवशी बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत सगळ्याचे पैसे जातात.

प्रश्न : आमच्या कॉलेजात सर्टिफिकेट जाड कागदावर काढतो. कधी कधी सकाळी पहिल्या काही प्रतींची अक्षरं बोटाने पुसली जातात, नंतरची पक्की येतात. टोनर डुप्लिकेट आहे का?

उत्तर : टोनर खराब असता तर नंतरची पानंही पुसली गेली असती, म्हणून आधी फ्युजर बघा. टोनर कागदावर वितळवून दाबायचं काम फ्युजर करतो, साधारण 180 ते 200 अंशांवर. जाड कागद उष्णता जास्त खातो. प्रिंट देताना ड्रायव्हरमध्ये पेपर टाइप ‘प्लेन’ राहिला असेल तर ‘हेवी’ किंवा ‘कार्डस्टॉक’ करा, प्रिंटर सावकाश चालेल पण छपाई धरेल. आधी दोन-तीन साधी पानं काढून मग सर्टिफिकेट लावा. प्रिंटर छोट्या यूपीएसवर किंवा सैल एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, फ्युजर तापताना एकदम खूप करंट ओढतो. तो तापताना खोलीतली लाइट मंद होत असेल तर इलेक्ट्रिशियनला वायरिंग दाखवा. एवढं करूनही पुसलं जात असेल तर मग फ्युजर तपासायला द्या.

प्रश्न : क्लासच्या इंक टँक प्रिंटरवर सुट्टीनंतर रंगात रेघा येतात, मग आपोआप जातात.

उत्तर : नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतायत. प्रिंटर बोर्डाच्या बटणावरून बंद करत असाल तर ते थांबवा, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकला जातो. सुट्टीतही आठवड्यातून एक रंगीत पान काढा. रेघा दिसल्या तर आधी नोझल चेक, मग गरज असेल तरच क्लीनिंग, कारण प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा वेस्ट इंक पॅड भरत जातो.